खेळणाऱ्यांच्या गप्पा आणि घडवणाऱ्यांची नावे



व्हिडिओ गेमची आवड असलेली दोन माणसे एकत्र आली म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सध्या काय खेळतोस? मग एक जण आपण कोठे अडलो ते सांगतो, दुसरा तेथून निघण्याची वाट सांगतो, आणि तिसरा म्हणतो की हे सोडा, मी खेळतो आहे तो खेळ घेऊन पाहा. घरातील वडीलधाऱ्यांना हे बोलणे रिकामटेकडेपणाचे वाटते. परंतु या धंद्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर निराळेच दिसते. खेळाच्या पोटात काय दडले आहे, हे पुष्कळदा कारखानदाराने सांगितले नाही. ते खेळणाऱ्यांनी एकमेकांना सांगितले. आणि खेळ कोणी केला ही गोष्ट तर कारखानदाराने मुद्दाम दडवली होती. तिलाही याच गप्पांनी वाट करून दिली. आज मला या दुसऱ्या गोष्टीविषयी विशेष बोलायचे आहे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे कोणतीही वस्तू हाती आली की ही केली कोणी, आणि त्याला काय मिळाले, हे दोन प्रश्न माझ्या मनात आधी उभे राहतात. तेच प्रश्न मी या खेळांना विचारणार आहे.

प्रारंभी या खेळांना मालकच नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पीडीपी-१ नावाचे संगणकयंत्र होते. १९६२ साली स्टीव्ह रसेल या तरुणाने आपल्या मित्रांच्या साथीने त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ उभा केला. पडद्यावर दोन अंतराळयाने, आणि ती चालवायला दोन माणसे. यंत्राची किंमत १,२०,००० डॉलर असल्यामुळे खेळ विकण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याने तो पाहिला त्याने खेळला. ज्याने खेळला त्याने त्यात काय उणे आहे ते सांगितले. आणि सांगून तो स्वस्थ बसला नाही. पीटर सॅम्सनने पडद्याच्या मागे खऱ्या आकाशातील तारे मांडले. डॅन एडवर्ड्सने मध्यभागी यानांना ओढून घेणारा सूर्य बसवला. मार्टिन ग्रेट्झने संकटाच्या वेळी अदृश्य होण्याची सोय केली. ॲलन कोटॉकने लागणारे गणिताचे तयार भाग यंत्राच्या कारखान्यातून मिळवून दिले. त्या काळी असे काम छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर उतरवीत. ज्याला हवी त्याने फितीची नक्कल न्यावी. अशा रीतीने हा खेळ एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेला. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. येथे खेळणारा आणि घडवणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती, म्हणूनच कोणी काय केले हे सर्वांना ठाऊक होते आणि आजही ठाऊक आहे.

दहा वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९७२ रोजी, कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत या खेळाचे सामने झाले. पहिले बक्षीस होते ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाची एका वर्षाची वर्गणी. त्याच नियतकालिकात स्ट्युअर्ट ब्रँडने सामन्यांची हकिकत लिहिली, आणि संगणकावर खेळणाऱ्या या मंडळींची ओळख बाहेरच्या वाचकांना झाली. परंतु तोवर व्यापाराचे पाऊल या क्षेत्रात पडले होते.

त्याच १९७२ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी अटारी कंपनी काढली. ॲलन अल्कॉर्नने तिच्यासाठी ‘पाँग’ हा चेंडू टोलवण्याचा खेळ तयार केला, आणि त्याचे पहिले यंत्र सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात ठेवले. नाणे टाकावे आणि खेळावे. हाही दोघांनी खेळायचा खेळ. सोबती नसेल तर नाणे खिशातच राहायचे. १९७६ साली वॉर्नर कंपनीने अटारी २ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली. पुढल्या वर्षी टीव्हीला जोडून घरी खेळायचे तिचे यंत्र बाजारात आले. त्यात घालायची प्लॅस्टिकची खोकी असत. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे तशी यंत्रे आली तेव्हा मुले त्या खोक्यांना ‘कॅसेट’ म्हणू लागली.

या काळातील एक विसंगती ध्यानात घ्यावी. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो याचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. त्याच्या पडद्यावर सर्वांत जास्त गुणांचा आकडा दिसे, त्यामुळे आधी येऊन गेलेल्या अनोळखी खेळाडूशीही चढाओढ लागे. पुढल्या वर्षी अटारीच्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये पहिल्या दहा जणांना आपल्या नावाची तीन अक्षरे नोंदवता येऊ लागली. वीज बंद झाली की यादी पुसली जाई. तरी पार्लरमध्ये येणारी मुले ती अक्षरे वाचून हा कोण, याने एवढे गुण कसे केले, याची चौकशी करीत. अमेरिकेच्या आयोवा राज्यात ऑटम्वा या लहानशा गावी वॉल्टर डे याने १९८१ साली असेच एक पार्लर काढले, आणि पुढे गावोगावच्या गुणांची नोंद ठेवण्याचे ते ठिकाण झाले. म्हणजे एक नाणे टाकणाऱ्या पोराचे नाव यंत्रावर झळकत होते. ज्याने महिनोन्महिने खपून तो खेळ केला, त्याचे नाव मात्र त्यावर कोठेही नव्हते.

हे नजरचुकीने झाले नव्हते. अटारीचे धोरणच तसे होते. नाव बाहेर गेले तर दुसरा कारखानदार माणूस फोडील, आणि माणूसही जास्त पगार मागेल, हा त्यातील हिशेब. आपल्याकडे गिरणीच्या कापडाच्या काठावर गिरणीचे नाव छापलेले असे, विणणाऱ्याचे नसे. त्यातलाच हा प्रकार. पण १९७९ साली कंपनीने स्वतःच एक कागद आपल्या प्रोग्रामरांच्या हाती दिला. आदल्या वर्षी कोणता खेळ किती खपला याची ती यादी होती. असले खेळ करा, तसले करू नका, हे सांगण्याचा तिचा उद्देश. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी ती वाचून बेरीज केली, तेव्हा विक्रीचा निम्म्याहून अधिक भाग आपल्या चौघांच्या हातचा आहे असे त्यांना दिसून आले. ते कंपनीचे प्रमुख रे कॅसर यांच्याकडे गेले आणि पेटीवर नाव व नफ्यात काही वाटा मागू लागले. क्रेनने पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांना उत्तर मिळाले ते असे की, जुळणीच्या पट्ट्यावर पेटी जोडणाऱ्या कामगाराहून तुमचे महत्त्व अधिक नाही.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लेखक प्रोग्रामरांच्या अपमानाविषयी हळहळतात. संघटनेच्या माणसाला त्यात दोन अपमान दिसतात. जुळणीच्या पट्ट्यावरच्या बाईला किंवा बुवाला क्षुद्र ठरवून मगच हे उत्तर तयार होते. पट्ट्यावरच्या कामगाराला मोल आहे, म्हणून प्रोग्रामरलाही द्या, असे ते उत्तर नव्हते. त्याला काही देत नाही, म्हणून तुम्हालाही देणार नाही, असे होते. आणि झालेही तसेच. १९८३ च्या फेब्रुवारीत अटारीने कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० कामगार कमी केले आणि उत्पादन हाँगकाँग व तैवानला हलवले.

चौघे नोकरी सोडून गेले. त्याच कारखान्यात वॉरन रॉबिनेट नावाचा पाचवा एक जण होता. त्याने दुसरी वाट काढली. त्याने ‘अॅडव्हेंचर’ नावाचा खेळ केला. किल्ले, भुलभुलैया, तीन ड्रॅगन आणि एक हरवलेला पेला. हे सर्व त्याला चार किलोबाइट एवढ्या जागेत बसवायचे होते. आजच्या एका साध्या छायाचित्राला याच्या कित्येक पट जागा लागते. त्याचा पगार वर्षाला सुमारे २२,००० डॉलर. खेळाच्या सुमारे दहा लाख पेट्या खपल्या, आणि त्यातून त्याला वेगळे असे काही मिळाले नाही. पण जाण्यापूर्वी त्याने त्या तोकड्या जागेतला थोडा भाग बाजूला काढून एक गुप्त खोली बांधली होती, आणि तिच्यात आपण हा खेळ केला असे आपल्या नावानिशी लिहून ठेवले होते. तेथे जाण्याचा मार्ग असा : काळ्या किल्ल्यातील भुलभुलैयात एक बंद कोठडी आहे, तिच्यात पूल टाकूनच शिरता येते; तेथे पार्श्वभूमीच्याच रंगाचा, डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका पडलेला असतो; तो उचलून दूरच्या एका दालनात आणला म्हणजे तेथील भिंत ओलांडता येते. ही गोष्ट त्याने सोबत्यांनाही सांगितली नाही. सांगितली असती तर विक्रीपूर्वीच कंपनीने ती काढून टाकली असती.

मग ती उघडकीस आली कशी? खेळणाऱ्यांमुळे. मुले तासन्‌तास त्या किल्ल्यात हिंडत होती. १९८० साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला ती खोली सापडली, आणि त्याने काय करावे? आपण काय खेळत आहो आणि त्यात काय पाहिले, ते कंपनीलाच पत्राने कळवले! तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. खेळाची चिप नव्याने काढायची तर खर्च मोठा होता. शिवाय स्टीव्ह राइट या अधिकाऱ्याच्या ध्यानात आले की, अशा दडलेल्या गोष्टींची मुलांना गोडी लागते. म्हणून नाव तसेच राहिले. ईस्टरच्या सणाला मुले लपवलेली अंडी शोधतात, त्यावरून या प्रकाराला ‘ईस्टर एग’ म्हणू लागले, आणि कंपनी पुढे स्वतःच आपल्या खेळांत अशी अंडी घालू लागली. मालकाने दडवले ते कामगाराने लपवून ठेवले, खेळणाऱ्याने शोधून काढले, आणि शेवटी मालकाने त्याचीच जाहिरात केली.

याच्या उलट एक उदाहरण आहे. १९७७ साली अटारीचे ‘स्टारशिप १’ हे यंत्र पार्लरांत आले होते. ते करणाऱ्या रॉन मिलनरनेही त्यात आपल्या नावाचा एक नमस्कार दडवला होता. काही विशिष्ट कळा विशिष्ट क्रमाने दाबल्या तर तो पडद्यावर येई. पण त्या क्रमाची चर्चा कधी झालीच नाही. तो नमस्कार जगापुढे आला २०१७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. दोघांनी केले एकच; एकाचे नाव वर्षभरात कळले, दुसऱ्याचे चाळीस वर्षे पेटीत राहिले. फरक पडला तो खेळणाऱ्यांच्या बोलण्याने.

आता त्या चौघांकडे वळू. त्यांनी जिम लेव्ही यांच्याबरोबर १९७९ साली ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. अटारीने त्यांच्यावर खटला भरला. १९८२ साली तडजोड झाली. या कंपनीने खेळासोबतच्या पुस्तिकेत प्रोग्रामरचे नाव आणि छायाचित्र छापले, आणि तो खेळणाऱ्याशी दोन शब्द बोलू लागला. उलट खेळणाऱ्यांनाही तिने लिहिते केले. क्रेनचा ‘पिटफॉल’ १९८२ साली आला. त्यात २०,००० गुण करून टीव्हीच्या पडद्याचे छायाचित्र टपालाने पाठवले, तर कंपनीकडून अंगरख्यावर शिवायचे कापडी पदक येई. मुलाने आपला पराक्रम कळवावा, करणाऱ्याने आपले नाव कळवावे, असा हा दुतर्फा व्यवहार होता. यात व्यापार होता हे उघड आहे; पण आपल्याला आवडणारा खेळ कोण्या एका माणसाने केलेला आहे, हे हजारो घरांत प्रथम कळले ते येथे.

जपानात हीच गोष्ट निराळ्या वाटेने गेली. १९८४ साली नामको कंपनीसाठी मासानोबू एंडो याने ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ हा खेळ केला. साठ मजल्यांचा मनोरा. मजल्या-मजल्यावर एक दडलेली पेटी. पेटी कशाने प्रकट होईल याची सूचना नाही, आणि काही पेट्या चुकल्या तर वर जाऊन उपयोग नाही. एकट्याने हे कोडे सोडवायचे म्हटले तर नाण्यांची थैली रिकामी व्हावी. तेव्हा पार्लरांतून वह्या ठेवल्या जात. येणाऱ्याने आपल्याला कळले ते वहीत लिहावे, पुढच्याने वाचून खेळावे आणि आपली भर घालावी. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या मुलांनी मिळून हा मनोरा जिंकला.

त्याच सुमारास, १९८३ साली, टोकियोच्या परिसरातील सातोशी ताजिरी या तरुणाने आपण व आपले मित्र काय खेळतो, त्यातल्या युक्त्या कोणत्या, हे हाताने लिहून, पानांना टाचण्या मारून ‘गेम फ्रीक’ नावाचे पत्रक काढले. वाचता वाचता केन सुगिमोरी हा चित्रकार त्याला येऊन मिळाला. आजचे खेळ बरे नाहीत तर आपणच करावे, असे ठरवून त्यांनी १९८९ साली त्याच नावाची कंपनी काढली, आणि १९९६ साली ‘पोकेमॉन’ आणला. त्याचे दोन प्रकार निघाले, लाल आणि हिरवा. काही प्राणी एकात, काही दुसऱ्यात; सगळे हवे तर तारेने यंत्र जोडून दुसऱ्या मुलाशी अदलाबदल केली पाहिजे. पत्रक काढणाऱ्याने आपल्या पत्रकाचाच खेळ केला असे म्हणता येईल. शिगेकी मोरिमोतो याने उरलेल्या इवल्याशा जागेत ‘म्यू’ हा एक गुप्त प्राणी घातला होता. त्याची कुणकुण मुलांमध्ये तोंडोतोंडी पसरली. तेव्हा एका मासिकातून वीस वाचकांना तो देण्याची योजना जाहीर झाली, आणि आधीच चाललेल्या खेळाला आणखी उठाव आला. तथापि जपानातही त्या काळी अनेक कंपन्या कामगारांची खरी नावे पडद्यावर येऊ देत नसत. कॅपकॉमच्या खेळांच्या शेवटी टोपणनावांची यादी येई. कारण अटारीचेच : माणूस फोडला जाईल ही भीती.

एव्हाना या गप्पांची किंमत कारखानदारांना पुरती कळली होती. अमेरिकेत निन्टेंडोने १९८८ साली ‘निन्टेंडो पॉवर’ हे मासिक सुरू केले. ते २०१२ पर्यंत चालले. अडलेल्या खेळाडूला दूरध्वनीवरून वाट दाखवण्यासाठी पगारी माणसे बसवली. म्हणजे मित्र मित्राला फुकट सांगतो, तेच सांगणे नोकरी झाले.

या नोकरीतील सर्वांत मोठा वर्ग खेळाची चाचणी घेणाऱ्यांचा. ही माणसे दिवसभर एकच खेळ पुन्हापुन्हा खेळतात, आणि कोठे काय बिघडते ते लिहून देतात. ‘सध्या काय खेळतोस?’ याचे उत्तर ती पोटासाठी देतात. खेळायचे पैसे मिळतात मग तक्रार कसली, असे त्यांना ऐकवले जाते. ही वृत्ती या धंद्यात जुनी आहे. २००४ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने जादा कामाविषयी निनावी पत्र प्रसिद्ध केले. आठवड्याचे सहा-सात दिवस, रात्री उशिरापर्यंत काम, आणि जादा वेळेचे पैसे नाहीत. त्याचा गवगवा झाला, दावे चालले, आणि २००५ व २००६ साली कंपनीने चित्रकारांना १ कोटी ५६ लाख आणि प्रोग्रामरांना १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोडी केल्या.

आणि आता ॲक्टिव्हिजनचाच पुढला इतिहास पाहा. करणाऱ्याच्या नावासाठी निघालेली ही कंपनी काळाच्या ओघात जगातील बड्या कंपन्यांत जाऊन बसली. तिच्या मालकीच्या रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये, विस्कॉन्सिन राज्यात, डिसेंबर २०२१ मध्ये चाचणी विभागातील काही जणांना कामावरून कमी करण्यात आले. सोबत्यांनी काम बंद केले, आणि मे २०२२ मध्ये मतदान होऊन १९ विरुद्ध ३ मतांनी त्यांची युनियन झाली. मार्च २०२४ मध्ये ॲक्टिव्हिजनच्या चाचणी विभागांतील सुमारे ६०० कामगार कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेत आले. खेळांना आवाज देणाऱ्या कलावंतांनी २०१६-१७ आणि २०२४-२५ असे दोनदा संप केले. दुसरा संप यंत्राने आपला आवाज बनवू नये, किमान विचारून व मोबदला देऊन बनवावा, यासाठी होता.

नावाचा प्रश्नही मिटलेला नाही. २०२१ साली ‘मेट्रॉइड ड्रेड’ हा खेळ आला तेव्हा स्पेनमधील मर्क्युरीस्टीम कंपनीतील काही जणांनी आपले नाव यादीत नसल्याचे उघड केले. कंपनीचा नियम असा की, खेळ तयार होण्याच्या एकूण काळापैकी चौथा हिस्सा काळ काम केले असेल तरच नाव यावे. खेळाला चार वर्षे लागली आणि तुम्ही अकरा महिने राबलात, तर नियमाच्या दृष्टीने तुम्ही नव्हताच.

कोणी म्हणेल, नावाने पोट भरत नाही. खरे आहे. पण या धंद्यात पुढली नोकरी मिळते ती मागल्या कामाच्या दाखल्यावर, आणि यादीतले नाव हाच तो दाखला. शिवाय चौघांची हकिकत आपण पाहिली. आपल्या हातून काय झाले हे त्यांना बेरजेने कळले, त्यानंतरच ते मागणी घेऊन उभे राहिले. ज्याचे काम कोणाचे म्हणून ओळखले जात नाही, त्याला वाटा मागायला जागा उरत नाही.

म्हणून येथे जमलेल्या तरुण मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे. तुम्ही काय खेळता ते एकमेकांना अवश्य सांगा. आडकाठी करणाऱ्या वडिलांना ही हकिकत ऐकवा. पण खेळ संपला की नावांची यादी वर सरकू लागते, तेव्हा घाईने पडदा बंद करू नका. ती वाचा. चाचणी घेणाऱ्यांची नावे आहेत का, मध्येच सोडून गेलेल्यांची आहेत का, हे पाहा. नसतील तर कंपनीला पत्र लिहून विचारा. सॉल्ट लेक सिटीच्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाने याहून अधिक काही केले नव्हते.